ऊन रंगवायचं, पण सूर्याशिवाय: व्हॅन गॉगचं एक निसर्गचित्र टप्प्याटप्प्याने कसं बघावं

व्हिन्सेंट व्हॅन गॉगचं ‘सायप्रससह गव्हाचं शेत’ हे चित्र भर उन्हाळ्यातलं आहे (सायप्रस म्हणजे उंच, निमुळतं, गडद हिरवं झाड). त्यात सूर्य कुठेच नाही. झाडांची जमिनीवर पडलेली ठळक सावलीही नाही. तरी चित्र समोर आलं की डोळ्यांवर ऊन येतं. हे ऊन आलं कुठून, एवढा एकच प्रश्न हातात धरून चित्रापुढे बसलात तर पोस्ट-इम्प्रेशनिस्ट निसर्गचित्रांचं दार उघडतं, असं माझं ठाम मत आहे. हा लेख त्यासाठीच आहे. चित्रकलेचं शिक्षण नसलेल्या माणसाने घरबसल्या, एका निवांत संध्याकाळी, हे चित्र कसं बघावं ते इथे क्रमाने सांगतो.

आधी थोडी पार्श्वभूमी. मराठी कलासमीक्षेत ज्याला उत्तर-दृक्प्रत्ययवाद म्हणतात, त्याला पोस्ट-इम्प्रेशनिझम हे नाव इंग्लंडमधल्या रॉजर फ्राय या समीक्षकाने १९१० साली लंडनमधल्या एका प्रदर्शनासाठी दिलं. तोवर या मंडळींतले चार मोठे चित्रकार, म्हणजे व्हॅन गॉग, सरा, गोगँ आणि सेझाँ, हयात नव्हते. आपण कुठल्या वादाचे, हे त्यांना कधी कळलंच नाही. त्यामुळे व्याख्या पाठ करण्यात फार वेळ घालवू नका. इतकं लक्षात ठेवलं तरी पुरे: मोने आणि त्याच्या सोबत्यांनी, म्हणजे इम्प्रेशनिस्टांनी, त्या त्या क्षणी डोळ्याला दिसणारा प्रकाश पकडायचा ध्यास घेतला. पुढच्या पिढीने त्यांचे उजळ रंग घेतले, पण ते रंग निसर्गात दिसतात तसेच लावले पाहिजेत, हे बंधन सोडून दिलं. कुणाला त्या रंगांतून चित्राची बांधणी करायची होती, कुणाला मनातलं बोलायचं होतं.

पडदा आणि प्रतिमा

या चित्राच्या तीन तैलरंगातल्या आवृत्त्या आहेत. पहिली १८८९ च्या जून-जुलैच्या सुमाराची, ती न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये आहे. दुसरी त्याच वर्षीच्या सप्टेंबरमधली, ती लंडनच्या नॅशनल गॅलरीत. तिसरी लहान, आईला आणि बहिणीला देण्यासाठी केलेली, ती खासगी संग्रहात आहे. पहिल्या दोन्हींच्या मोठ्या प्रतिमा त्या त्या संग्रहालयाच्या संकेतस्थळावर बघता येतात, आणि मेट्रोपॉलिटनची तर मोफत उतरवूनही घेता येते. प्रतिमा तिथलीच घ्या. इतर ठिकाणी फिरणाऱ्या प्रतींमध्ये पिवळा इतका भडक केलेला असतो की मग रंगांबद्दल काही बोलण्यात अर्थच राहत नाही.

फोनवर बघू नका. लॅपटॉप किंवा टीव्हीचा मोठा पडदा घ्या, आणि संध्याकाळी आपोआप सुरू होणारा नाइट मोड आठवणीने बंद करा. तो पडद्यातला निळा कमी करतो, आणि या चित्राचा अर्धा जीव निळ्यात आहे. चित्राचं खरं आकारमान साधारण ७३ बाय ९३ सेंटिमीटर, म्हणजे अडीच फूट बाय तीन फूट. भिंतीवर तेवढी जागा हातांनी मापून बघा. पडद्यावर ढगाचा एक तुकडा मोठा करून बघताना, तो मुळात किती होता याचं भान राहतं.

डोळे किलकिले करा

आता चित्र पूर्ण दिसेल असं ठेवा आणि डोळे अर्धवट मिटून बघा. पानं, कणसं, डोंगरांच्या कडा सगळं पुसट होईल आणि मोठे आकार उरतील. खाली पिवळा पट्टा. त्यावर हिरव्या झुडपांची आणि चंदेरी-हिरव्या ऑलिव्हच्या झाडांची रांग. मागे आल्पीय नावाच्या टेकड्यांचा निळा. आणि वर, जवळजवळ अर्धं चित्र व्यापणारं आभाळ. हे सगळं आडवं पसरलेलं, लाटांसारखं. या आडव्या पसाऱ्याला छेद देणारी उभी गोष्ट एकच आहे: उजवीकडचं सायप्रसचं झाड, शेजारी धाकट्या भावासारखं दुसरं लहान झाड घेऊन.

आता अंगठा पडद्यासमोर धरून ते उंच सायप्रस झाका. दहा-पंधरा सेकंद तसंच बघा, मग अंगठा काढा. झाड झाकलेलं असताना ऊन मंद होतं, आणि झाड परत आलं की शेत पुन्हा पेटतं. व्हॅन गॉगला हे पक्कं ठाऊक होतं. जून १८८९ मध्ये भावाला, थिओला, लिहिलेल्या पत्रात तो सायप्रसची तुलना इजिप्तमधल्या ओबेलिस्कशी, म्हणजे उंच, निमुळत्या दगडी स्तंभाशी, करतो आणि म्हणतो की उन्हाने न्हालेल्या निसर्गदृश्यातला तो काळा डाग आहे, पण काळ्या सुरांमधला अत्यंत वेधक आणि नेमका पकडायला फार अवघड असा सूर आहे. सायप्रसची अशी चित्रं अजून कुणी कशी केली नाहीत, याचं त्याला आश्चर्य वाटत होतं. भूमध्य समुद्राच्या काठच्या देशांत हे झाड दफनभूमीत लावतात, त्यामुळे त्याच्याशी मृत्यूचा संबंध जोडला जातो. तो संबंध खोटा नाही. पण पत्रात व्हॅन गॉग आधी रेषा, प्रमाण आणि हिरव्याची जात यांबद्दल बोलतो, हे नव्या प्रेक्षकाने विसरू नये.

रंग काढून टाका

तिसरा टप्पा फोनवरच्या कुठल्याही फोटो ॲपमध्ये होतो. प्रतिमेची एक कृष्णधवल प्रत करा आणि रंगीत प्रतीशेजारी ठेवा. सायप्रस काळं राहील. पण गहू आणि आभाळ एकमेकांच्या बरेच जवळ येतील, दोन्ही फिकट करडे. म्हणजे शेत आणि आभाळ यांच्यात जो झगडा तुम्हाला रंगीत चित्रात जाणवत होता, तो उजेड-अंधाराचा कमी आणि पिवळ्या-निळ्याचा जास्त होता. शाळेत आपल्याला शिकवतात की उजेड दाखवायचा तर एका बाजूला पांढरं ठेवा, दुसऱ्या बाजूला सावली गडद करा. युरोपातही शतकानुशतकं मुख्यतः तेच चाललं होतं. इथे उष्ण रंग आणि शीत रंग शेजारी बसवून ऊन तयार केलं आहे.

मोनेचं १८७२ चं ‘इम्प्रेशन, सूर्योदय’ हे चित्रही असंच कृष्णधवल करून बघाच. त्यातला नारिंगी सूर्य जवळजवळ नाहीसा होतो, कारण त्याचा उजळपणा भोवतालच्या आभाळाइतकाच आहे. तो तळपतो तो रंगामुळे.

भोकाचा कागद

आता माझा सगळ्यात आवडता टप्पा. एक पांढरा किंवा करडा जाड कागद घ्या आणि त्याच्या मधोमध वाटाण्याएवढं भोक पाडा. चित्र पडदाभर मोठं करा आणि कागद पडद्यावर टेकवून भोकातून एकेक जागा बघा. भोवतालचं सगळं झाकलं गेल्यामुळे तिथला रंग एकटा दिसतो. ढगांपासून सुरुवात करा. ‘पांढरे’ वाटणारे ढग एकटे पडले की कुठे फिकट हिरवे, कुठे निळसर, कुठे जांभळट-गुलाबी निघतात. मग सायप्रस. जो आपण काळा समजत होतो, त्यात गडद हिरव्याच्या जोडीला निळे आणि पिवळसर-तपकिरी फटकारे सापडतील. मग गहू. एकटं पडलेलं पिवळं बऱ्याच जागी अगदी साधं, मातकट वाटेल. कागद बाजूला केला की तेच पिवळं पुन्हा तळपायला लागतं.

यामागचं कारण एका फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने शोधून ठेवलं होतं. मिशेल शेव्रल हा पॅरिसच्या गोबेलँ या विणकाम कारखान्यात रंगाई विभागाचा प्रमुख होता. काळ्या रंगाचे धागे फिके दिसतात अशी तक्रार त्याच्याकडे आली. त्याने तपासलं तर रंगात खोट नव्हती. शेजारच्या निळ्या-जांभळ्या धाग्यांमुळे काळा निस्तेज दिसत होता. दोन रंग शेजारी आले की डोळा त्यांच्यातला फरक वाढवून बघतो, हा नियम त्याने १८३९ च्या ग्रंथात सविस्तर मांडला. तांबडा-हिरवा, निळा-नारिंगी आणि पिवळा-जांभळा या विरोधी जोड्या एकमेकींना सर्वाधिक चढवतात. व्हॅन गॉगने हे सिद्धान्त शार्ल ब्लाँ या लेखकाच्या पुस्तकांतून वाचले होते, आणि रंगीत लोकरीच्या गुंड्या एकमेकींशी पिळून जोड्या कशा दिसतात ते तो तपासत असे. लोकरीची ती पेटी अजूनही ॲमस्टरडॅममध्ये जपून ठेवलेली आहे.

आता या तीन जोड्या चित्रात शोधा. निळ्या टेकड्या आणि सोनेरी गहू ही जोडी लगेच सापडेल. हिरव्यात तांबडी खसखशीची फुलं डावीकडे खालच्या कोपऱ्यात आहेत, अगदी थोडी. ढगांमधला जांभळट रंग पिवळ्या शेताला वरून उत्तर देतो. जोड्यांचं प्रमाण सारखं नाही, हे मुद्दाम बघा. तांबड्याचे ते थोडेच ठिपके हिरव्याला पुरतात. तेवढेच निम्म्या चित्रभर पसरले असते तर शेत विस्कटलं असतं. जुलै १८८९ च्या पत्रात व्हॅन गॉग या आभाळाला स्कॉटलंडच्या चौकड्यांच्या रंगीबेरंगी कापडासारखं म्हणतो. आभाळ म्हणजे एक निळा रंग, ही सवय मोडायला ते एक वाक्य पुरेसं आहे.

फटकाऱ्यांची दिशा

चित्र आणखी मोठं करा आणि आता रंग विसरून फक्त ब्रशच्या खुणा बघा. बोटाने हवेत त्यांच्या मागे मागे जा. गव्हात फटकारे तिरके, आखूड, वाऱ्याने झुकलेले. झुडपांत ते गोलसर होतात. सायप्रसमध्ये ते वळत वळत वर चढतात. ढगांत लांब, जाड, गुंडाळलेले. हा दक्षिण फ्रान्समधला प्रोव्हान्सचा प्रदेश आहे, तिथे मिस्त्राल नावाचा जोरदार वारा वाहतो, आणि तो इतका त्रास देई की व्हॅन गॉग चित्राची घोडी (ईझल) जमिनीत खुंट्या ठोकून पक्की करत असे. वारा स्वतः दिसत नाही, म्हणून तो प्रत्येक गोष्टीच्या फटकाऱ्यात घातला आहे. झाड, शेत आणि ढग वेगवेगळ्या वस्तू असूनही एकाच हालचालीत ओढल्या जातात. अनेकांना या चित्रापुढे श्वास वेगवान झाल्यासारखा वाटतो, त्यामागे मला तरी हेच कारण दिसतं.

मेट्रोपॉलिटनच्या आवृत्तीत रंग फार जाड आहे. मार्सेयचा चित्रकार माँतिचेल्ली असाच जाड रंग लावायचा आणि व्हॅन गॉगला तो फार आवडायचा. या चित्राबद्दल लिहिताना तो त्याचंच नाव घेतो. जाड रंगाचे कंगोरे उभे राहतात आणि दालनातला खरा उजेड त्यांच्यावर पडतो, त्यांच्या बारीक सावल्याही पडतात. पडद्यावर हे अर्धंच पोचतं. कधी न्यूयॉर्कला गेलात तर चित्रासमोर उभं राहून झाल्यावर थोडं बाजूला सरका आणि तिरकं बघा.

असा ढीगभर रंग शेतात नेता आला तो धातूच्या नळ्यांमुळे. जॉन रँड या अमेरिकन चित्रकाराने १८४१ मध्ये त्या शोधून काढल्या. व्हॅन गॉगला रंग आणि कॅनव्हास पॅरिसहून थिओ पाठवायचा. उघड्यावर काम केल्याचे पुरावेही मागे राहिलेत: कॅन्सस सिटीच्या संग्रहालयातल्या त्याच्या ऑलिव्हच्या चित्रात, रंगाच्या थरात अडकलेला नाकतोड्याचा तुकडा २०१७ मध्ये सापडला.

दोन आवृत्त्या शेजारी

इथे थोडं जास्त थांबा, कारण भावनेबद्दलचा सगळ्यात मोठा गैरसमज या टप्प्यावर दूर होतो. न्यूयॉर्कची आणि लंडनची प्रतिमा शेजारी शेजारी उघडा. मांडणी तीच, झाडं तीच. पण न्यूयॉर्कमधली खडबडीत, उसळणारी. लंडनमधली जास्त आखीव, रंगाचे थर पातळ, ढगांच्या वळणांना ठरवून दिलेला आकार. पहिली निसर्गासमोरची, दुसरी तिच्यावरून खोलीत बसून केलेली.

आता तारखा बघा. मे १८८९ मध्ये व्हॅन गॉग सँ-रेमी गावाजवळच्या मनोरुग्णालयात स्वतःहून दाखल झाला होता. पहिलं चित्र त्याने बरा असताना केलं. जुलैच्या मध्यावर त्याला आजाराचा तीव्र झटका आला आणि अनेक आठवडे काम थांबलं. दुसरं चित्र त्यानंतरचं, सप्टेंबरमधलं. म्हणजे उसळणारे ढग आजारापूर्वीचे आणि शांत, आखीव ढग आजारानंतरचे. ‘वळणदार फटकारे म्हणजे बिघडलेलं मन’ हे समीकरण इथेच कोसळतं. आजाराच्या झटक्यात त्याचं काम बहुतेक थांबायचं. ही दोन्ही चित्रं झाली ती बऱ्या दिवसांत, विचार करून, रंग मोजून. त्याच्या दुःखाची कहाणी आपल्याला इतकी तोंडपाठ असते की आपण चित्र न बघताच रडायला तयार असतो, आणि त्यात त्याच्या कारागिरीवर अन्याय होतो. याबद्दल मला मनापासून वाईट वाटतं.

आता भावना

भावनेचा शब्द इथवर मुद्दाम लांबवला. आता कागदावर तीन शब्द लिहा, या चित्रापुढे तुम्हाला जे वाटलं ते. अट एकच: प्रत्येक शब्दासमोर चित्रातली जागा लिहायची. ‘अस्वस्थ’ लिहिलंत तर कुठे? ढगांच्या गुंडाळ्यांत की सायप्रसच्या टोकाशी? ‘उबदार’ असेल तर पिवळ्यात, की पिवळं आणि निळं जिथे भेटतं त्या कडेवर? जागा सापडली नाही तर तो शब्द बहुधा चित्रातून आलेला नाही, चित्रकाराबद्दल ऐकलेल्या गोष्टींतून आलाय. खोडून टाका. एखादा शब्द अनपेक्षित निघाला आणि त्याची जागा पक्की सापडली, तर तो ठेवा, मग तो कुठल्याही पुस्तकात नसला तरी चालेल.

पिवळा म्हणजे आनंद आणि काळा म्हणजे शोक, असे तक्तेही दूर ठेवा. त्याच सप्टेंबरमध्ये व्हॅन गॉगने पिवळ्याधमक शेतात कापणी करणारा माणूस रंगवला आणि थिओला लिहिलं की हा कापणारा आपल्याला मृत्यूची प्रतिमा वाटतो, माणसं म्हणजे त्याने कापायचा गहू. पण या मृत्यूत दुःखी काही नाही, तो भर दिवसा, शुद्ध सोन्यासारख्या उजेडात घडतो. जुलै १८९० मध्ये, ओव्हेर गावी, वादळी आभाळाखालच्या गव्हाच्या शेतांची चित्रं करताना त्याने लिहिलं की दुःख आणि टोकाचा एकटेपणा व्यक्त करायचा प्रयत्न आपण केलाय. आणि त्याच पत्रात पुढे म्हटलं की ग्रामीण भागात जे निरोगी आणि बळ देणारं आहे, तेही ही चित्रं सांगतील. दोन्ही एकाच कॅनव्हासवर. ‘कावळे असलेलं गव्हाचं शेत’ हे त्याच महिन्यातलं, जेमतेम ५० सेंटिमीटर उंच आणि १०३ सेंटिमीटर रुंद. ते त्याचं अखेरचं चित्र, अशी समजूत सर्वदूर आहे, पण ती खरी नाही. झाडाच्या मुळांचं एक अपूर्ण चित्र त्यानंतरचं मानलं जातं. व्हॅन गॉगची पत्रं इंग्रजी भाषांतरासह मोफत वाचता येतात. चित्र बघून झाल्यावर वाचा, आधी नको.

एक सावधगिरी. आज दिसणारे रंग १८८९ चे नाहीत. त्याने वापरलेले काही तांबडे रंग उजेडात उडून जातात, त्यामुळे मूळचे गुलाबी भाग पांढरट आणि जांभळे भाग निळे झालेत. ‘शयनकक्ष’ या प्रसिद्ध चित्रातल्या आजच्या निळ्या भिंती मुळात फिक्या जांभळ्या होत्या. त्याचा क्रोम पिवळाही काळाबरोबर तपकिरीकडे झुकतो. त्याला याची कल्पना होती. हे रंग टिकाऊ नाहीत, म्हणून ते जास्तच धीटपणे, भडक लावावेत, काळ त्यांना मवाळ करेलच, असं तो १८८८ मध्ये लिहून गेलाय.

हात लावून बघा

ऑइल पेस्टलची साधी पेटी घ्या आणि पोस्टकार्डाएवढ्या कागदावर या चित्राचे फक्त मोठे पट्टे उतरवा. काळा आणि पांढरा खडू पेटीतून आधीच बाहेर काढा. ढगांसाठी फिकट निळा, गुलाबी, पोपटी एकमेकांवर घासा. सायप्रससाठी गडद हिरवा आणि निळा. चित्र चांगलं आलं पाहिजे असं काही नाही. काळा-पांढरा नसताना उजेड आणायचा तर हात कुठे कुठे अडतो, ते कळलं की पुढच्या चित्रापुढे डोळा आपोआप तिथेच जातो.

पुढची चित्रं

सराचं ‘ला ग्रांद जात बेटावरचा रविवार’ शिकागोत आहे. तिथे हाच शेव्रल ठिपक्यांतून बोलतो, आणि उन्हात असूनही सगळे कसे थिजल्यासारखे दिसतात ते बघा. गोगँचं १८८८ चं ‘प्रवचनानंतरचं दर्शन’ बघताना जमीन अख्खी तांबडी का, हे विचारा. तिथे प्रकाश बाहेरचा नाहीच, बायकांच्या मनातल्या दृश्याचा आहे. सेझाँला मात्र सगळ्यात जास्त वेळ द्या. सँत-व्हिक्टॉयर हा एकच डोंगर त्याने वर्षानुवर्षं रंगवला. १९०२ ते १९०६ मधल्या चित्रांत निळे, हिरवे आणि गेरूसारखे चौकोनी फटकारे शेजारी बसवून त्याने दगडाचं वजन आणि हवेची खोली दोन्ही उभी केली, आणि मधेमधे कॅनव्हास कोरा सोडला. त्या कोऱ्या जागांवर बोट ठेवून त्यांना तिथे कशाचं काम दिलंय ते ओळखा: काही जागी त्या ऊन आहेत, काही जागी हवा.

मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकलेल्या चित्रकार सय्यद हैदर रझांना १९४८ मध्ये काश्मिरात छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँने सांगितलं होतं की तुमच्या चित्रांत बांधणी कमी पडते, सेझाँ बघा. रझा १९५० मध्ये शिष्यवृत्तीवर पॅरिसला गेले. त्यांची त्या दशकातली फ्रेंच गावांची चित्रं सेझाँच्या डोंगरांनंतर लगेच बघितलीत, तर घरांचे घट्ट चौकोन कुठून आले आणि त्यांतला पेटता रंग मात्र कुणाचा, हे दोन्ही वेगळं करून दाखवता येईल.